उपड्या ताटल्या

"आधी तुम्ही," असं म्हणत बू एन्दांगनी हातोडी बू पार्तींच्या हातात दिली. बू पार्तींनी ती तशीच पुढे पाक हार्तोयोंना दिली. मोठ्या पुरुषाला पाक आणि मोठ्या बाईला बू म्हणतात इथे, आणि पाक हार्तोयो तर पडले गल्लीचे प्रमुख. त्यांनी ती दोन्ही हातांनी, मान झुकवून, पुन्हा बू एन्दांगपुढे धरली. हातोडीचा हा तिसरा फेरा होता. रविवारची सकाळ, अख्खी गल्ली बागेतल्या कोरड्या कारंज्याभोवती गोल उभी, मध्ये चटईवर चिनीमातीच्या ताटल्यांच्या चळती, आणि अजून एकाही ताटलीचा साधा टवकासुद्धा उडाला नव्हता.

घोळ घातला होता रेत्नोने. रेत्नो म्हणजे पाक हार्तोयोंची सून, शाळेत चित्रकला शिकवणारी. पोरगी गुणाची, पण वाढली जकार्तात, त्यामुळे हवं ते तोंड उघडून सरळ मागायची तिला खोड. इकडे सोलो शहरात असं कुणी करत नाही. तिने घरोघर निरोप धाडला की बागेतला कारंज्याचा हौद आपण सगळ्यांनी मिळून चिनीमातीच्या तुकड्यांनी मढवायचा आहे, तेव्हा घरात फुटकंतुटकं जे असेल ते घेऊन या. आता सांगा, चारचौघांत काही द्यायचं आणि ते फुटकं द्यायचं? लोक काय म्हणतील? प्रत्येक घराने कपाट उघडलं, त्यातल्या बऱ्यातल्या बऱ्या ताटल्या काढल्या, घासल्या, पुसल्या आणि धुतलेल्या फडक्यात बांधून आणल्या. बू एन्दांगनी तर गुलाबांच्या नक्षीच्या आणल्या होत्या. लेकीच्या साखरपुड्यालाही त्यांनी त्या बाहेर काढल्या नव्हत्या.

एवढ्यावर भागलं असतं तरी ठीक होतं. पण ताटली उपडी केली की खाली खूण. गल्लीत लग्न असो, सुंता असो, की कुणाच्या वर्षश्राद्धाचं जेवण असो, पूर्वी सगळ्या घरांच्या ताटल्या एका घरी जमायच्या, आणि जेवणं उरकली की ज्याच्या त्याला परत जायच्या. म्हणून प्रत्येक घराची रंगाने काढलेली आपली खूण. बू एन्दांगची लाल फुली, पार्तींची पिवळी रेघ, हार्तोयोंचं निळं कडं. आता पार्तींची ताटली एन्दांगनी फोडायची, तीही सगळ्यांच्या देखत? म्हणजे त्या घराचं वाईट चिंतल्यासारखंच की. बरं, आपली आपण फोडावी, तर घरात फार झालंय म्हणून मिरवतेय, असं व्हायचं. हातोडी फिरत राहिली. शेवटी पाक हार्तोयोंना एकाएकी चहाची आठवण झाली आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. चहा झाला, तळलेली केळी झाली, पुढच्या रविवारी बघू असं ठरलं, आणि रेत्नो एकटीच हौदाच्या कडेला डोकं धरून बसली.

हे सगळं चिंचेच्या सावलीत बसून बघत होती ती तुगिनेम. तिला इतकं हसू येत होतं की तिने ओढणीचं टोक तोंडात कोंबलं होतं.

तुगिनेमचा जन्म दुसऱ्यांची ताटं धुण्यात गेला. दिवसा ती रस्त्यावरच्या एका बाक्सोच्या, म्हणजे खिम्याच्या गोळ्यांच्या रश्श्याच्या, गाड्यावर वाडगे विसळायची, आणि गल्लीत जेवणावळ असली की त्या घराच्या मागच्या दारी, विहिरीपाशी, तीन टबांसमोर बसायची. स्वयंपाकाला हुशार बायका असतात, वाढायला देखण्या असतात. धुवायला तुगिनेम असायची. नवरा सायकलरिक्षा ओढता ओढता गेला, मूलबाळ झालं नाही. पण गल्लीतल्या कुठल्याही बाईला विचारा, आपली ताटली तुगीच्या हातात गेली म्हणजे ती घरी आलीच, अशी खात्री. चुकून एखादी फुटलीच, तर ती तुकडे हातात घेऊन स्वतः त्या दारी जायची. अशी वेळ उभ्या जन्मात फार क्वचित आली.

आता जेवणावळी कंत्राटाने होतात. खोक्यात भात येतो, खोकं कचऱ्यात जातं. खुणांचं कौतुक कुणाला राहिलं नव्हतं. तुगिनेमच्या कपाटात मात्र अजून एक चळत होती. नदीकाठच्या ओळीची.

बाग आहे ना, तिथे पूर्वी ती ओळ होती. सात-आठ घरं, नदीला पाठ लावून उभी. बांध घालायचा ठरला तेव्हा ओळीतल्या लोकांना शहराच्या पार उत्तरेला जागा मिळाल्या. निघायचा दिवस नेमका पाक हार्तोयोंच्या थोरल्या मुलीच्या लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी आला. ओळीतल्या बायकांच्या ताटल्या तुगिनेमच्या अंगणात वाळत होत्या, आणि इकडे ट्रकांत पलंग, कोंबड्या, म्हातारेकोतारे चढत होते. ताटल्यांची कुणाला शुद्ध? शुद्ध होती एकट्या लासीला.

लासी तुगिनेमची टबावरची जोडीदारीण, तिला यू तुगी, म्हणजे तुगीताई, म्हणणारी. तुगिनेम साबण लावायची, लासी विसळायची, आणि विसळता विसळता साऱ्या गल्लीच्या भानगडी सांगायची. तिची खूण दोन हिरवे ठिपके, खिडकीच्या उरलेल्या रंगातले. ट्रक सुरू झाला तशी तुगिनेम ताटल्या घेऊन धावली होती. लासीने वरूनच हात हलवून तिला थांबवलं.

"राहू दे तुझ्याकडे," ती म्हणाली. "ताटल्या तुझ्याकडे असल्या की मला यावंच लागेल."

आणि आलीसुद्धा. पहिल्या ईदेला आली, आपल्याच ताटलीत जेवली, स्वतः धुतली आणि पुन्हा तुगिनेमच्या कपाटात ठेवून गेली. दुसऱ्या ईदेलाही आली. मग गुडघे धरले, मग मुलाची नोकरी बदलली, मग निरोप यायचेही थांबले. तुगिनेम दर वर्षी उपासाच्या महिन्याआधी ती सगळी चळत काढायची, धुवायची, पुसायची, परत ठेवायची. ताटल्या नेऊन द्यायला काय होतं, दोन बस बदलल्या की झालं, असं बायका म्हणायच्या. तुगिनेम मान हलवायची आणि जायची नाही. नेऊन दिल्या की लासीला यायला कारण काय उरणार?

ओळ गेली, बांध झाला, उरलेल्या पट्टीवर बाग झाली. एका टोकाला ओळीतला जुना आंबा, एक झोका, चार बाकडी, मध्ये कारंजं. कारंजं एक पावसाळाभर उडालं. मग पंप गेला, हौदात पाणी साचलं, पाण्यात डास झाले, डासांनी दोन घरांत डेंग्यू आणला. लोकांनी पाणी उपसून टाकलं आणि त्या जागी कचरा टाकायला सुरुवात केली. सतरा ऑगस्टच्या, स्वातंत्र्यदिनाच्या आत हा उकिरडा हटवून दाखवीन, असं रेत्नोने सासऱ्यांना सांगितलं. कचरा हटला, गवत कापलं, बाकडी रंगली. गाडं अडलं ते या ताटल्यांपाशी.

मंगळवारी संध्याकाळी रेत्नो तुगिनेमच्या दारात आली. सासूने बहुतेक तिला पढवून पाठवलं असावं, कारण आल्या आल्या तिने हवेचा विषय काढला. यंदा गरमी फार आहे, मग आंब्याला मोहोर बरा आहे, मग तुमची मांजर व्यायली का. तुगिनेमला कळत होतं की पोरगी कपाटाकडे बघायचं टाळतेय. तिलाही जरा गंमत वाटली. तिने चहा केला, त्यात सावकाश साखर ढवळली आणि मांजरीची सविस्तर हकिकत सांगितली. बिचाऱ्या रेत्नोला घाम फुटला.

"न्दुक, पोरी," शेवटी तुगिनेमला दया आली, "बोल बाई एकदाची. नाहीतर रात्र होईल."

"बू, तुम्ही फोडाल का?"

तुगिनेमने कप खाली ठेवला.

"नदीच्या ओळीच्या नव्हे," रेत्नो घाईने म्हणाली. "त्यांचं मी काहीच म्हणत नाही. चटईवर आहेत त्या. तुमच्या हातून फुटली तर कुणाला काही वाटायचं नाही. सगळ्यांच्या ताटल्या तुम्हीच सांभाळल्यात ना."

तुगिनेमला आधी राग आला. जन्मभर ज्या फुटू नयेत म्हणून जीव टाकला, त्या आता फोडायलाही आपणच सापडलो? मग पुन्हा हसू आलं. पोरीचं खोटं नव्हतं. हातोडीने गल्लीतल्या सगळ्यांची दारं पालथी घातली असती आणि शेवटी याच दारी आली असती.

रविवारी तिने घरून बाटिकचं एक जुनं कापड नेलं. चटईवर मांडी घातली, पहिली ताटली उचलली, उपडी करून खूण बघितली. "बू एन्दांग, माफी असावी हं," ती म्हणाली, ताटली कापडात गुंडाळली आणि हातोडीने वरून एकच टोला दिला. आवाज दबका आला, भाकरी थापल्यासारखा. कापड उघडलं तर गुलाबाचे पाच-सहा तुकडे. गोलात उभ्या असलेल्यांनी श्वास सोडला. एन्दांगनी डोळे पुसले आणि लगेच भांडायला लागल्या, की माझे गुलाब मीच लावणार, दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही.

मग काय, सगळ्यांनाच चेव आला. तुगिनेम एकेका घराचं नाव घेऊन माफी मागत होती आणि फोडत होती. पुरुष सिमेंट कालवत होते. रेत्नोने हौदावर खडूने वळणं काढून दिली होती, त्यांत बायका तुकडे बसवत होत्या. पार्तींचा नवरा, जो कधी स्वतःचा चहाचा कप उचलत नाही, तो दोन रविवार गुडघे टेकून फक्त निळे तुकडे वेगळे करत बसला. पूर्वी जेवणावळीच्या मागच्या दारी जशी थट्टामस्करी चालायची तशी पुन्हा सुरू झाली. कुणाची सून माहेरी का गेली, कुणाच्या कोंबड्याने कुणाची भाजी खाल्ली. तुगिनेमला राहून राहून वाटे, आता लासी हवी होती.

हौदाच्या भिंती झाल्या, कडा झाली. तळ मात्र उघडा राहिला. चटईवरच्या ताटल्या संपल्या होत्या. घरात आता राहिल्या त्या प्लास्टिकच्या.

नदीच्या ओळीची चळत कुठे आहे ते गल्लीला ठाऊक होतं. कुणी एका शब्दाने विचारलं नाही. फक्त बू पार्ती तुगिनेमच्या देखत म्हणाल्या, की तळ काय, पाणी भरलं की दिसतोय कुणाला. पाक हार्तोयो म्हणाले, क्लातेनला त्यांच्या बहिणीकडे एक हौद असाच अर्धा सोडलाय, तोही छान दिसतो. एन्दांगनी तर, नुसतं सिमेंट किती थंड वाटतं ना डोळ्यांना, असं म्हटलं. त्या दिवशी तुगिनेमला जेवण गेलं नाही. न मागता मागायची ही आपल्या लोकांची कला तिला जन्मापासून ठाऊक होती. ती तिच्यावर कधी कुणी चालवली नव्हती, एवढंच.

रात्री तिने चळत खाली काढली. ताटल्या आपल्या नव्हेत, हे तर सरळच होतं. ज्यांच्या आहेत त्यांना विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. म्हणजे जायला हवं. आणि गेलं की कळणार, लासी का येत नाही ते. तुगिनेम इतकी वर्षं टाळत होती ती बस नव्हे, हे कळणं.

दुसऱ्या दिवशी तिने केळं घालून तांदळाच्या पिठाच्या पुड्या केल्या, केळीच्या पानात उकडल्या, आणि लासीच्या दोन हिरव्या ठिपक्यांच्या ताटलीत रचून वर फडकं बांधलं. घेतलेली ताटली कुणी रिकामी परत करतं का? दोन बस बदलून ती उत्तरेला उतरली.

ओळीतल्या बायका एकाच रस्त्यावर राहत होत्या. तुगिनेमला बघून त्यांना मनापासून आनंद झाला. पाणी आणलं, चहा आणला, जेवूनच जा म्हणाल्या. तुगिनेमने घसा साफ करून ताटल्यांचं काढलं, तर त्यांतली सामिनी पोट धरून हसायला लागली.

"कुठल्या ताटल्या? अगं यू, तू अजून सांभाळतेयस त्या? माझी खूण काय होती हेसुद्धा मला आठवत नाही."

"तुझी काळी चांदणी," तुगिनेम म्हणाली.

"फोड बाई, फोड. नाहीतरी आम्ही कधीच नव्या घेतल्या."

कार्सीही तेच म्हणाली. तिने वर एवढंच घातलं की माझी चूल होती तिथे एखादा तुकडा लाव, आंब्याच्या बाजूला. बाकीच्यांनीही हसत हसत होकार दिला. तुगिनेम हसली त्यांच्याबरोबर. आतून तिला फार लागलं. दर वर्षी आपण धूत होतो, पुसत होतो, आणि वाट बघणारं आपल्याशिवाय कुणी नव्हतंच. सोन्यासारखी ठेव म्हणून जपलं ते इथे कुणाला आठवतही नव्हतं.

"आणि लासी?" तिने विचारलं.

सामिनीने नुसतं कोपऱ्यावरच्या घराकडे बोट केलं.

लासी ओसरीवर वेताच्या खुर्चीत बसली होती. बारीक झाली होती, केस कुणीतरी नीट विंचरले होते. मुलगा दारातून म्हणाला, "आई, बघ कोण आलंय." लासीने हसून पाहुण्याला बस म्हटलं. तुगिनेम समोर बसली. लासीने तिला पावसाचं विचारलं, कुठून आलात विचारलं, वाटेत त्रास नाही ना झाला विचारलं. सगळं अगदी अदबीने, परक्या बाईशी बोलावं तसं. ज्या बाईने गल्लीत एकाला म्हणून सोडलं नव्हतं, ती तुगिनेमला अहोजाहो करत होती.

तुगिनेमने फडकं सोडलं. लासीने पुड्या आवडीने खाल्ल्या, एक मुलाला दिली. ताटली रिकामी झाली तशी तिने ती सहज उपडी केली आणि खालून अंगठा फिरवला. ठिपक्यांवर अंगठा थांबला.

"ही माझी," ती म्हणाली. "तुम्हाला कुठे मिळाली?"

तुगिनेम फडक्याची घडी घालू लागली.

"ही यू तुगीकडे असायला हवी," लासी काळजीने म्हणाली. "तिची एक कमी पडेल आणि ती शोधत बसेल. तुम्ही त्या बाजूला जाता का? तिला नेऊन द्याल?" मग ती खुर्चीला धरून उठली, कुंडीतल्या मिरच्या तोडल्या, मूठभर ताटलीत ठेवल्या. "रिकामी नका नेऊ. आणि तिला सांगा, मी येते म्हणून."

"सांगते," तुगिनेम म्हणाली.

निघताना तिने मुलाला सतरा ऑगस्टचं आमंत्रण दिलं. परतीच्या बसमध्ये ताटली मांडीवर धरून ती दोन्ही बस रडली. कंडक्टरने विचारलं तर, मिरच्या झोंबल्या, म्हणाली.

ओळीची चळत तिने गल्लीसमोर फोडली. सामिनी, माफी असावी. कार्सी, माफी असावी. सगळ्यांनी होकार दिला होता, तरी तिने प्रत्येकीची माफी मागितली. तुकडे मात्र तिने कुणाला लावू दिले नाहीत. स्वतः हौदात उतरली, खाली बसली आणि पहिला तुकडा उपडा दाबला, खूण वर.

"बू, उलटा लागला," रेत्नो म्हणाली.

"उलटाच लागायचाय."

रेत्नोने तोंड उघडलं, पण पुन्हा मिटलं. पोरगी सोलोत मुरायला लागली होती. तुगिनेमने घरं होती त्या क्रमाने तुकडे लावले, बांधाकडून आंब्याकडे. काळी चांदणी, तपकिरी चौकट, जांभळा थेंब, कार्सीची केशरी रेघ. पांढऱ्या पाठी आणि त्यांवर रंगाच्या खुणा, असा सगळा तळ भरत गेला. मध्ये एका ठिकाणी तिने दोन वीत जागा नुसती सिमेंटची सोडली. तिथे काय लावायचं, असं कुणी विचारलं नाही. लासीच्या सहाच्या सहा ताटल्या कपाटात होत्या. लासीने फोड म्हटलं नव्हतं.

सतरा ऑगस्टला बाग ओळखू येत नव्हती. झाडाझाडांना लाल-पांढऱ्या पताका, दोरीला टांगलेले पापड तोंडाने खायची शर्यत, पाक हार्तोयोंचं लांबलेलं भाषण. कारंजं काही उडणार नव्हतं, पण हौद धुऊन स्वच्छ केला होता, आणि लोक वाकून वाकून आपापला तुकडा शोधत होते. तळाच्या खुणा बघून शेजारच्या गल्लीतल्या एका बाईने रेत्नोला विचारलं, ही नक्षी कुठून घेतली? रेत्नोने तुगिनेमकडे बघितलं. तुगिनेम भाताच्या टोपलीमागे लपली.

दुपार कलताना लासीचा मुलगा तिला घेऊन आला. गल्लीतल्या बायका पुढे झाल्या, कुणी हात धरला, कुणी पाया पडलं. लासीने सगळ्यांना अदबीने उत्तरं दिली आणि कुणालाही ओळखलं नाही. तिला हौदाच्या कडेवर बसवलं. थोडा वेळ ती शर्यतीकडे बघत बसली. मग तिची नजर खाली गेली.

"अगं बाई," ती म्हणाली, "ताटल्या वाळत टाकल्यात आणि उचलायला कुणी नाही?"

मुलगा तिला आवरायला गेला, पण ती हौदात उतरलीच होती. खाली बसली आणि तुकड्यांवरून अंगठा फिरवायला लागली. "ही सामिनीची," ती म्हणाली. "ही तिच्या जावेची, चौकटवाली. ही शिंप्याच्या घरची. ही कार्सीची, हिला सांगायला हवं, रंग उडत आलाय." ती एकेक घर घेत बांधाकडून आंब्याकडे सरकत होती. भाषण कधीच थांबलं होतं. पापडाची शर्यतही थांबली. ज्या बायकांना आपली खूण आठवत नव्हती, त्यांची नावं ही बाई न चुकता घेत होती, आणि भोवती उभ्या गल्लीत कुणाला वर बघवेना.

कोऱ्या सिमेंटपाशी तिचा हात थांबला. तिने तिथे दोनदा चाचपलं.

"इथे माझ्या होत्या," ती म्हणाली. "माझ्या कुठे गेल्या?"

तुगिनेम हौदात उतरून तिच्याजवळ बसली.

"यू तुगीकडे आहेत."

लासीने तिच्या तोंडाकडे निरखून बघितलं. मग तिचा चेहरा मोकळा झाला.

"मग काळजी नाही," ती म्हणाली. "तिच्या हातून कधी ताटली फुटत नाही."

तुगिनेमचे हात सिमेंटने तडकले होते, उजव्या तळव्याला हातोडीचा घट्टा पडला होता. ते तिने ओढणीखाली घेतले.

"नाही," ती म्हणाली, "फुटत नाही."

लासीने समाधानाने मान हलवली आणि तिथेच, तिच्या शेजारी, उन्हात बसून राहिली.